एका ‘रन’साठी किती कोश पालथे घालायचे?

इंग्रजी शब्दकोश घेताना बहुतेक जण मुखपृष्ठावरचा आकडा बघतात. इतके हजार शब्द, इतके हजार वाक्प्रचार. त्या आकड्यावरून कोश उपयोगी आहे की नाही हे कळत नाही. ‘फोटोसिंथेसिस’सारखा जड शब्द कुठल्याही कोशात नीट सापडतो, कारण त्याला अर्थच एक. कोशाची दमछाक होते ती तीन अक्षरी घरगुती शब्दांवर. ‘सेट’, ‘गेट’, ‘पुट’, ‘रन’ हे शब्द पहिलीतल्या मुलाला येतात आणि अनुवादकाला अर्धा अर्धा तास अडवून ठेवतात. म्हणून नेहमीच्या वापरातले इंग्रजी कोश आणि पर्यायकोश इथे एकाच शब्दावर घासून पाहिले आहेत, तो शब्द म्हणजे ‘रन’. परीक्षण आहे ते मराठीतून विचार करणाऱ्या माणसाच्या सोयीचं: विद्यार्थी, उपसंपादक, अनुवादक, किंवा ऑफिसातली इंग्रजी मेल मराठीत समजावून सांगणारा कुणीही.

‘रन’च का, याला कारण आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ सालच्या वीस खंडांच्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ची होती, ४३० अर्थांची. पुढच्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने त्याला मागे टाकलं. संपादक पीटर गिलिव्हर या एका क्रियापदावर नऊ महिने बसले आणि त्यांनी ६४५ अर्थ वेगळे काढले. आगगाड्या आल्या, इंजिनं आली, कारखाने आले, मग संगणकातले प्रोग्रॅम आले. प्रत्येकाने हेच क्रियापद उचललं आणि नोंद फुगत गेली.

पण एवढी मोठी नोंद रोजच्या कामाला लागत नाही. कामाला लागते ती वेगळीच गोष्ट: समोरच्या वाक्यातल्या ‘रन’चा अर्थ कोश किती लवकर हातात देतो, आणि त्या अर्थाबरोबर कुठली नामं येतात हे दाखवतो का. या दोन प्रश्नांवरच खालचे सगळे शेरे आहेत.

कसोटीला घेतलेली वाक्यं साधीच आहेत. बस दर दहा मिनिटांनी ‘रन’ करते. बाई खानावळ ‘रन’ करते. नळ ‘रन’ होतो आहे. धुण्यात साडीचा रंग ‘रॅन’. रस्ता नदीला लागून ‘रन्स’. पेपरने बातमी ‘रॅन’ केली. ‘वी रॅन आउट ऑफ गॅस.’ मधुमेह ‘रन्स इन द फॅमिली’. बँकेवर ‘रन’ आला. खर्च ‘रॅन इन्टू’ कोटी.

आता हीच वाक्यं मराठीत म्हणून बघा. दर दहा मिनिटांनी बस आहे. बाई खानावळ चालवते. नळ चालू राहिलाय. साडीचा रंग गेला. रस्ता नदीच्या कडेकडेने जातो. पेपरने बातमी लावली. गॅस संपला. मधुमेह घराण्यातच आहे. बँकेवर पैसे काढायला झुंबड उडाली. खर्च कोटींच्या घरात गेला. दहा वाक्यं, आणि पळणे किंवा धावणे एकदाही आलेलं नाही. पहिल्या वाक्यात तर खास क्रियापदच उरलं नाही, नुसतं ‘आहे’वर काम भागलं. गॅसच्या वाक्यात कर्ताच बदलला: इंग्रजीत माणसं ‘रन आउट’ होतात, मराठीत वस्तू संपते. ज्या कोशाच्या मदतीने माणूस इथपर्यंत पोचतो तो चांगला कोश.

सुरुवात खिशात मावणाऱ्या इंग्रजी-मराठी कोशांपासून करू, कारण घरोघरी तेच असतात. त्यांच्यात ‘रन’पुढे साधारण असं काही छापलेलं असतं: पळणे, धावणे, वाहणे, चालवणे, कार्य करणे, धाव, ओघ. शब्द एकही चुकीचा नाही. पण मध्ये आहेत नुसते स्वल्पविराम. कुठला अर्थ कुणाबरोबर जातो याची खूण नाही, उदाहरण नाही, क्रियापदाला कर्म लागतं की नाही याचा पत्ता नाही. विद्यार्थी पहिला शब्द उचलतो. त्यातूनच ‘आमचं दूध बाहेर पळालं’ किंवा ‘रस्ता नदीजवळ धावतो’ असली वाक्यं वहीत येतात. जागा वाचवण्यासाठी उदाहरणं कापली, की सोप्या शब्दांच्या बाबतीत कोशाचा जीवच जातो. असे कोश अवघड नामांसाठी ठेवावेत: झाडं, आजार, अवजारं, हुद्दे. क्रियापदांसाठी हात लावू नये. अर्थांना क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकाला एक तरी वाक्य असलेला इंग्रजी-इंग्रजी-मराठी कोश मिळाला तर तो जरूर घ्यावा. दुकानात उभं राहून पाच सेकंदांत कळतं. ‘रन’चं पान उघडा. नोंद चार ओळींत संपली असेल तर कोश परत फळीवर ठेवा.

खरा उपयोग आहे तो इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी माणसासाठी केलेल्या एकभाषिक कोशांचा. आपल्याकडे यांना अजूनही ‘इंग्लिश मीडियमवाल्यांचे’ समजून बाजूला ठेवतात, आणि ते मोठं नुकसान आहे. ते मुळात आपल्यासारख्यांसाठीच लिहिले गेले. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीचा जन्म जपानमधल्या वर्गात झाला. ए. एस. हॉर्नबी तिथे इंग्रजी शिकवत होते. त्यांचा कोश १९४२ मध्ये तिथेच निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो स्वतःच्या नावाने आणला. दहावी आवृत्ती २०२० ची आहे आणि संकेतस्थळावर कोश फुकट बघता येतो.

‘रन’ क्रियापदाचे इथे विसाहून जास्त अर्थ आहेत, पण घाबरायला होत नाही, कारण प्रत्येक अर्थाच्या डोक्यावर एक छोटी पाटी आहे: पायांनी वेगात जाणे, शर्यत, व्यवस्था पाहणे, बस-गाड्या, द्रव, रंग, वर्तमानपत्र, निवडणूक, लांब मोजे. एसटी स्टँडवर फलाटाची पाटी बघत पुढे जावं तसं डोळ्यांनी पाट्या बघत खाली यायचं. साडीचा रंग गेला, तर ‘रंग’ ही पाटी सापडेपर्यंत मधलं काही वाचायचं कारण नाही. निवडणुकीच्या अर्थापाशी स्पष्ट लिहिलेलं असतं की हा वापर मुख्यतः अमेरिकी आहे. ब्रिटिश माणूस निवडणुकीला ‘स्टँड’ होतो, अमेरिकी ‘रन’ होतो. मोज्याचा धागा सुटून वर चढत जाणारी रेघ अमेरिकेत ‘रन’ आणि ब्रिटनमध्ये ‘लॅडर’. ही भौगोलिक खूण अनुवादात फार कामाची आहे.

एक खबरदारी. या कोशात ‘रन आउट’, ‘रन इन्टू’, ‘रन ओव्हर’, ‘रन थ्रू’, ‘रन अप’ अशा जोड्या मुख्य अर्थांच्या यादीत नसतात. संकेतस्थळावर पानाच्या तळाशी त्यांची यादी असते आणि प्रत्येक जोडीला स्वतंत्र पान. वाक्यात क्रियापदाच्या मागोमाग छोटा शब्द दिसला, की मुख्य नोंद वाचत बसू नये, थेट तळ गाठावा. बहुतेक लोक इथे चुकतात. ‘वी रॅन आउट ऑफ गॅस’चा अर्थ ‘रन’मध्ये शोधतात, मिळत नाही, मग अंदाजाने काहीतरी लिहितात.

लाँगमन डिक्शनरी ऑफ कंटेम्पररी इंग्लिश, पहिली आवृत्ती १९७८. याची ख्याती एका नियमामुळे: सगळ्या व्याख्या सुमारे दोन हजार नेहमीच्या शब्दांतच लिहायच्या. मराठी माध्यमातून आलेल्या वाचकाला याचा थेट फायदा होतो. एक शब्द बघायला गेलो आणि व्याख्येतले तीन शब्द बघावे लागले, असं इथे होत नाही. पाट्या इथेही आहेत. शिवाय शब्द बोलण्यात आणि लिहिण्यात किती येतो याची खूण लाल अक्षरात असते. आमच्या मते या कोशाचं सगळ्यात मोलाचं अंग म्हणजे नोंदीजवळची पर्यायांची चौकट. तिच्यात समानार्थी शब्दांची माळ नसते, प्रत्येक शब्द कसा वेगळा आहे ते सांगितलेलं असतं. जॉग म्हणजे व्यायामासाठी संथ धावणं. स्प्रिंट म्हणजे थोडं अंतर जीव तोडून. डॅश म्हणजे घाईने जवळच कुठेतरी जाणं. मराठी माणसाला लागतो तो नेमका हा फरक. एकच कोश ठेवायचा असेल तर हा ठेवावा.

कॉलिन्स कोबिल्ड हा तिसरा. १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली तो तयार झाला, संगणकात साठवलेल्या खऱ्याखुऱ्या वापरातल्या मजकुरावरून. त्याच्या व्याख्या पूर्ण वाक्यात असतात. ‘तुम्ही एखादा धंदा रन करता तेव्हा तो तुमच्या ताब्यात असतो’ अशा धाटणीच्या. पहिल्यांदा वाचताना पाल्हाळ वाटतं. पण त्या एका वाक्यात कर्ता कोण, कर्म काय आणि क्रियापद कुठे बसतं हे तिन्ही दाखवून झालेलं असतं. बाकीच्या कोशांत जे व्याकरणाच्या संक्षिप्त खुणांनी सांगतात, ते इथे वाक्य आपोआप सांगतं. ज्यांना इंग्रजी लिहायचं आहे, नुसतं वाचायचं नाही, त्यांनी हाच कोश उघडावा.

संकेतस्थळावर मात्र एक अडचण आहे. कॉलिन्सच्या पानावर कोबिल्डच्या खाली त्याच शब्दाच्या आणखी दोन नोंदी येतात, एक ब्रिटिश कोशातली आणि एक अमेरिकी. क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. ‘अर्थ क्रमांक १२’ असं टिपून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी भलतीच नोंद वाचली, असं सहज होतं. टिपताना कोशाचं नावही लिहावं.

मेरियम-वेब्स्टर अमेरिकी. विद्यार्थ्यांत लोकप्रिय, फुकट, उच्चारही ऐकायला मिळतो. पण नवख्याने एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी: त्यातले अर्थ साधारणतः इतिहासाच्या क्रमाने लावलेले असतात, जुना आधी, नवा नंतर. पहिला अर्थ म्हणजे सर्वांत प्रचलित अर्थ, ही आपली सवय इथे फसवते. ‘रन’मध्ये फारसं बिघडत नाही, कारण पळण्याचा अर्थ जुना आणि प्रचलितही. इतर शब्दांत चांगलंच बिघडतं.

तरीही या कोशाने एका ठिकाणी बाजी मारली. आपल्या सुतारकामात, फॅब्रिकेशनच्या दुकानात, स्वयंपाकघराचा ओटा करणाऱ्याकडे रोज एक शब्द ऐकू येतो: रनिंग फूट. ‘ग्रिलचा भाव रनिंग फुटाला लावलाय.’ म्हणजे रुंदी किती का असेना, सरळ लांबी मोजायची. दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद ओटा चौरस फुटाने वीस भरतो, रनिंग फुटाने दहा. हा फरक न कळल्यामुळे कोटेशनवर भांडणं होतात. मेरियम-वेब्स्टरमध्ये हा अर्थ आहे, पण ‘रन’खाली शोधलात तर मिळणार नाही. ‘रनिंग’ या विशेषणाची वेगळी नोंद उघडावी लागते. हे सगळ्याच कोशांना लागू आहे. ‘रनिंग’, ‘रनर’, ‘रन-डाउन’, ‘रन-अप’ यांची घरं वेगळी आहेत. ‘रनिंग’ला मूळ क्रियापदाचं रूप समजून लोक ‘रन’च चाळत राहतात.

आता तो वीस खंडांचा थोरला, ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. संकेतस्थळाला वर्गणी लागते; विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळते का ते विचारावं. रोजच्या अनुवादाला तो घेऊ नये. ६४५ अर्थांतून आपला अर्थ शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. पण एक प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर इथेच मिळतं: नाक, नळ, नदी आणि कच्चा रंग हे सगळे इंग्रजीत ‘रन’ का होतात? आपल्याला वाटतं, पळण्यावरून कुणीतरी अलंकारिक वापर केला असेल. तसं नाही. या शब्दाच्या मुळातच वाहणं आहे. जर्मनमधला त्याचा भाऊबंद ‘रिनेन’ आजही वाहणे, ओघळणे याच अर्थाने चालतो. पाय आणि पाणी दोन्ही या शब्दात जुन्या काळापासून एकत्र आहेत. हे एकदा कळलं की निम्म्या अर्थांची गाठ सुटते. वाहता तो रस्ता, वाहती ती गोष्ट, वाहत घराण्यातून खाली येतो तो आजार. मराठी वाचकाने ‘रन’ समोर आल्यावर मनात ‘पळणे’ आणायच्या आधी ‘वाहणे’ आणून बघावं. आश्चर्य वाटेल इतक्या वेळा कुलूप उघडतं.

पर्यायकोशांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सर्वांत जास्त नासधूस तिथे होते.

पीटर मार्क रॉजे हे पेशाने डॉक्टर. त्यांनी १८०५ पासून शब्दांच्या याद्या करायला घेतल्या आणि १८५२ मध्ये आपला थिसॉरस प्रसिद्ध केला. त्याची मांडणी अकारविल्हे नव्हती. सगळ्या कल्पनांचे सहा वर्ग, त्यांत एक हजार शीर्षकं, आणि शब्द शीर्षकाखाली. वापरायची रीत दोन टप्प्यांची आहे. आधी मागची सूची उघडायची, तिथे ‘रन’खाली वेग, गती, प्रवाह अशा दिशा दिसतात, आपल्याला हवी ती दिशा निवडून मग पुढच्या क्रमांकावर जायचं. ही दोन टप्प्यांची रीत कटकटीची वाटते, पण तीच वाचवते. अर्थ ठरवल्याशिवाय पर्याय हातात पडत नाही. आज दुकानात रॉजेचं नाव लावून अकारविल्हे लावलेले पर्यायकोश भरपूर मिळतात. त्यांत हा टप्पा गेलेला आहे. ‘रन’ उघडलं की सगळ्या अर्थांचे पर्याय एकाच पंगतीत बसलेले: मॅनेज, फ्लो, स्प्रिंट, ऑपरेट, स्मगल, स्ट्रेच. जुन्या धर्तीचा, मागे मोठी सूची असलेला रॉजे मिळाला तर तोच घ्यावा.

फोनवरच्या पुष्कळशा फुकट पर्यायकोशांच्या मागे वर्डनेट हे संगणकातलं शब्दभांडार असतं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात १९८५ च्या सुमारास जॉर्ज मिलर यांच्या पुढाकाराने ते सुरू झालं. ते शब्द अर्थगटांत बांधतं. तिसऱ्या आवृत्तीत ‘रन’चे नाम म्हणून १६ आणि क्रियापद म्हणून ४१ अर्थ आहेत. संगणकाच्या कामासाठी ही बारीक चिरफाड ठीक आहे, माणसाला ती पेलत नाही. त्याहून मोठी उणीव म्हणजे शब्द कुठल्या थाटातला आहे याची खूण नाही. ‘पळून जाणे’ या अर्थाचा एकच गट बघा. त्यात एस्केप आहे, शेजारी स्कारपर, त्याच्या शेजारी लॅम. पहिला कुठेही चालतो. दुसरा ब्रिटिश रस्त्यावरचा, तिसरा अमेरिकी गुंडांच्या बोलीतला. ॲपमध्ये तिन्ही सारख्याच अक्षरात, सारख्याच ओळीत. बँकेच्या पत्रात ‘कर्जदार स्कारपर झाला’ असं लिहिलं तर मराठीत ‘कर्जदाराने पोबारा केला’ लिहिल्यासारखं होईल. पोबारा शब्द चांगला आहे, पण नोटिशीत त्याची जागा नाही. तिथे ‘फरार’ लागतो.

व्यवस्थापनाच्या अर्थाचंही तसंच. ‘रन’ला पर्याय म्हणून मॅनेज, ऑपरेट, कंडक्ट, ॲडमिनिस्टर मिळतात. चहाची टपरी माणूस ‘रन’ करतो. तिला ‘ॲडमिनिस्टर’ लावलं तर टपरीला कलेक्टर कचेरीचा वास येतो. मशीन ‘ऑपरेट’ होतं, परीक्षा आणि सर्वेक्षण ‘कंडक्ट’ होतं, धोक्याबरोबर मात्र ‘रन’ जातो, ‘ऑपरेट अ रिस्क’ कुणी म्हणत नाही. म्हणून पर्याय निवडला की तो तसाच वाक्यात टाकू नये. लाँगमन किंवा कोबिल्डमध्ये तो शब्द उलटा उघडावा आणि आपलं नाम त्याच्या उदाहरणांत आहे का ते बघावं. नसेल तर ‘रन’च ठेवावा. पुनरुक्ती झाली तरी चालेल, चुकीची सोबत चालत नाही.

पर्यायांच्या बाबतीत मराठीची श्रीमंती मात्र डोळ्यांत भरते, आणि ती एकाही इंग्रजी-मराठी कोशात धड उतरलेली नाही. घोडा ‘बोल्ट’ होतो तेव्हा तो चौखूर उधळतो; माणूस ‘बोल्ट’ होतो तेव्हा धूम ठोकतो. उंदीर ‘स्करी’ करतो, तो तुरुतुरु पळतो. नुकतं पाऊल टाकायला लागलेलं मूल दुडूदुडू धावतं. उशीर झालेला माणूस धापा टाकत येतो. इंग्रजी क्रियापद बदलतं तिथे मराठीत पुष्कळदा नादाचा शब्द बदलतो. ‘स्करी: घाईने पळणे’ असं छापणाऱ्या कोशाने वाचकाच्या हातून ‘तुरुतुरु’ काढून घेतलेला असतो.

आणि ज्या दोन शब्दांवर प्रत्येक कोश ‘रन’ची नोंद सुरू करतो, त्या पळणे आणि धावणे यांतही फरक आहे. धाव बहुधा कशाकडे तरी असते, पळ बहुधा कशापासून तरी. मदतीला माणूस धावून येतो, संकटातून पळून जातो. भक्त देवाचा धावा करतो. चोर पळाला म्हटलं तर निसटला. धावला म्हटलं तर कुणाच्या तरी अंगावर गेला. लग्नघरात धावाधाव असते, आग लागली की पळापळ होते. ‘पळत ये’ आपण म्हणतो हे खरं, तिथे दोन्ही शब्द चालतात. पण ‘पळपुटा’चा ‘धावपटू’ होत नाही. इंग्रजी वाक्यात ‘रन’पुढे ‘टू’ आहे की ‘फ्रॉम’ एवढं बघितलं तरी पुष्कळदा निवड आपोआप होते.

तिसरा शब्द चालणे. घड्याळ, दुकान, पंप, कारखाना, नाटक, खटला हे सगळं इंग्रजीत पळतं आणि मराठीत चालतं. लोकल आणि एसटी तेवढ्या वर्तमानपत्रांत धावतात. बोलताना त्याही चालू असतात. ‘गाडी किती चालली आहे?’ हा जुन्या गाडीच्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न. नाटकाच्या ‘रन’ला तर मराठी रंगभूमीचं स्वतःचं मोजमाप आहे: किती महिने चाललं यापेक्षा किती प्रयोग झाले ते सांगतात. ‘अ रन ऑफ हंड्रेड परफॉर्मन्सेस’ला ‘शंभर प्रयोगांची धाव’ लिहिणारा अनुवादक नाटकाच्या जाहिराती वाचत नसावा. नुसतं ‘शंभर प्रयोग झाले’.

हे शब्द शोधायचं उत्तम साधन फुकट आहे आणि फारसं कुणी त्या कामाला वापरत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर तो आहे. कोश मराठीकडून इंग्रजीकडे जातो, पण शोध फक्त मूळ शब्दांपुरता न ठेवता पूर्ण मजकुरात घेता येतो. तिथे रोमन लिपीत ‘रन’ टाकलं की ज्या ज्या मराठी शब्दांच्या स्पष्टीकरणात हा शब्द आला आहे ते सगळे समोर येतात. यादी लांब असते, त्यामुळे ‘रन अवे’, ‘रन ओव्हर’ असे दोन शब्द मिळून टाकावेत. सापडलेल्या शब्दांतले काही आज मेलेले असतात आणि स्पष्टीकरणाची इंग्रजीही दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची असते, तेव्हा शब्द आजच्या बोलण्यात आहे का याची खात्री करून मगच वापरावा. इंग्रजीकडून मराठीकडे जाणारा कोश मोल्सवर्थने सुरू केला आणि थॉमस कँडीने १८४७ मध्ये पूर्ण केला. तोही अभ्यासकाने बघण्यासारखा आहे, पण विद्यार्थ्याच्या कामाचा नाही.

पारिभाषिक ‘रन’साठी वाट वेगळी. बँक, छापखाना, अभियांत्रिकी, ग्रंथालय अशा क्षेत्रांत हा शब्द आला, की राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आधी बघावेत. तेही संकेतस्थळावर आहेत. सरकारी कागदात तोच प्रतिशब्द लागतो. बातमीत मात्र तो जसाच्या तसा ठेवण्याची सक्ती नाही; वाचकाला ‘ठेवीदारांची झुंबड’ एका दमात कळते.

यंत्र-भाषांतराबद्दल एवढंच: त्याला एकटा ‘रन’ कधी देऊ नये. पूर्ण वाक्य, शक्यतो आधीचं एक वाक्य धरून द्यावं. मग आलेलं मराठी वाक्य मोठ्याने वाचावं. ‘चालवणे’ नको तिथे आलं असेल तर कानाला लगेच टोचतं.

आता प्रत्यक्ष रीत, एका वाक्यावर. ‘शी रॅन अ कोम थ्रू हर हेअर.’ पहिलं, इथे ‘रन’ नाम की क्रियापद? क्रियापद. दुसरं, कर्म आहे का? आहे, कंगवा. इथेच पळणे, वाहणे, जाणे हे सगळे अकर्मक अर्थ गळाले. तिसरं, मागे छोटा शब्द आहे का? ‘थ्रू’ आहे, पण तो कंगव्यानंतर येतो आणि केसांना चिकटलेला आहे, तेव्हा ‘रन थ्रू’ म्हणजे ‘वरवर चाळणे’ ही ठरीव जोडी इथे नाही. चौथं, ऑक्सफर्ड किंवा लाँगमनमध्ये ‘हात, बोटं, एखादी वस्तू कशावरून तरी नेणे’ हा अर्थ शोधायचा. उदाहरणात बोटं किंवा हात दिसले की थांबायचं. पाचवं, मराठीत हाताने हीच क्रिया कशी सांगतात? हात फिरवतात, बोटं फिरवतात, नजरसुद्धा फिरवतात. तर, तिने केसांतून कंगवा फिरवला. सरावाने या सगळ्याला मिनिटभर लागतो. हाच ‘फिरवणे’ कुठल्याही खिशातल्या कोशात ‘रन’पुढे बहुधा मिळणार नाही.

उलट दिशेचीही एक तपासणी करावी. ‘रन’ जिथे दिसत नाही तिथेही कधी कधी मराठीत धाव असते आणि जिथे दिसतो त्यातल्या काही ठिकाणी ती केव्हाच रुजलेली असते. क्रिकेटची धाव, धावबाद आणि धावफलक, विमानाची धावपट्टी, आकाशवाणीचं धावतं समालोचन: हे शब्द आता कुणाला अनुवाद वाटत नाहीत. इंग्रजीतली उडती भेट मात्र मराठीत ‘धावती भेट’ होते, म्हणजे तिथे ‘फ्लाइंग’साठीही धावच लागली. आणि शिवणातला ‘रनिंग स्टिच’ कोशात न शोधता सरळ गोधडी शिवणाऱ्या बाईला विचारावा. सुई वर-खाली, वर-खाली, सारख्या अंतराने पुढे नेत ती जो टाका घालते त्याला ती धावदोरा म्हणते.

खरेदीचं म्हणाल तर घरात छापील लाँगमन, फोनवर ऑक्सफर्ड आणि कोबिल्ड, आणि मोल्सवर्थचं पान खूण करून ठेवलेलं, एवढं बहुतेकांना पुरतं. जुनी आवृत्ती स्वस्तात मिळत असेल तर बिनधास्त घ्यावी. या शब्दाचे अर्थ पाच-दहा वर्षांत बदलत नाहीत. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फोर्टच्या पदपथावर घेताना मात्र तीन गोष्टी बघाव्यात. बांधणी: कोश मधोमध पूर्ण उघडून बघायचा, पाठ कडकडली तर वर्षभरात पानं सुटतील. कागद: मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसत असतील तर बनावट छपाईचा संशय घ्यावा. आणि ‘आर’ची पानं सलग आहेत का: ‘रबर’पासून ‘रस्टी’पर्यंत पृष्ठक्रमांक मोजून घ्यावेत, कारण वापरलेल्या कोशात सर्वाधिक हाताळलेली पानंच आधी गळतात.